देवरावची साप्ताहिक सुट्टी

फोन आला तेव्हा मी कळमन्याच्या बाजारात मिरचीच्या ढिगासमोर उभा होतो. लिलाव रंगात आला होता. मे महिन्यातली दुपार, पत्र्याखालची हवा मिरचीने जड झालेली, अर्धी माणसं शिंकत होती आणि उरलेली भाव पुकारत होती. फोनवर शीलावहिनींचं नाव दिसलं आणि मला आधी रागच आला. देवरावला माझ्याशी बोलायचं असेल तर स्वतः बोलावं, बायकोला कशाला पुढे करतो, असं मनात आलं. फोन कानाला लावून मी "नंतर बोलतो" म्हणणार, एवढ्यात त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी म्हणालो, "आता अशा उन्हात कुठं गेला तो?" त्या पुन्हा तेवढंच म्हणाल्या, "गेले." तेव्हा मला कळलं... माझ्यासमोरची मिरची दुसऱ्या अडत्याने उचलली. मी हात वर केलाच नाही, असं नंतर लोकांनी सांगितलं. तीस-पस्तीस वर्षांच्या धंद्यात मी असा माल सोडल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

देवराव मेश्राम आणि मी सक्करदऱ्यात एका गल्लीत वाढलो, एका बाकावर बसलो आणि पोलीस भरतीलाही एकत्रच गेलो. धावण्यात मी त्याच्या पुढे होतो. छातीच्या मापात मात्र थोडा कमी पडलो आणि टेप धरणाऱ्या हवालदाराशी वाद घालायला लागलो. "टेप सैल धरा न साहेब, तुमच्या घरचं काय जातं?" असं मी म्हणालो, आणि त्याने मला मैदानाबाहेर काढलं. देवराव रांगेत मान खाली घालून हसत होता. तो पोलिसात गेला, मी कळमन्यात पोती उचलायला गेलो. पोती उचलता उचलता भाव ऐकले, भाव ऐकता ऐकता करायला शिकलो, आणि पुढे स्वतःची अडतीची पेढी उघडली. मला कुणी काही दिलं नाही. जे मिळवलं ते तोंडाने मिळवलं, हे मी कुणालाही सांगतो. देवराव म्हणायचा, "गुलाब, तू भरती झाला असता तर पहिल्याच महिन्यात एसपीसोबत भाव केला असता गा."

तो हवालदार म्हणून निवृत्त झाला. त्याच्या सगळ्या नोकरीत साप्ताहिक सुट्टी हा शब्द कागदावर होता. प्रत्यक्षात सुट्टीच्या दिवशीच कुठेतरी सभा ठरायची, कुठे मोर्चा, कुठे कुणी मोठा माणूस विमानतळावर उतरायचा. पोळा गेला, दुसऱ्या दिवशीची मारबतीची मिरवणूक गेली, पोरीच्या शाळेचं स्नेहसंमेलन गेलं. याबद्दल तो फारसं बोलत नसे. बोलायचा तो एकाच दिवसाबद्दल. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर देशभरातून माणसं येतात. त्याच्या आईवडिलांनी छप्पन साली तिथेच दीक्षा घेतली होती. वडिलांच्या खांद्यावर बसून तो दर वर्षी तिथे जायचा. पोलिसात गेल्यापासूनही दर वर्षी तिथेच होता, पण बंदोबस्तात. बंदोबस्तातला माणूस गर्दीकडे तोंड करून उभा राहतो, म्हणजे स्तूपाकडे त्याची पाठ. "इतके वर्षं तिथं उभा राहिलो गुलाब, अन् एकदाही वळून पाहिलं नाई," असं तो मला एकदा म्हणाला होता. पांढरा सदरा घालायचा, शीलाला आणि नातीला सोबत घ्यायचं, रांगेत लागायचं, धक्के खायचे, आत जायचं आणि बाहेर आल्यावर नातीला पिपाणी घेऊन द्यायची. निवृत्तीनंतर त्याला फक्त एवढं करायचं होतं.

ते झालं नाही, कारण निवृत्त झाल्यावर तो पुन्हा कामाला लागला. आपल्या शहराच्या एका कार्यालयाने निवृत्त पोलिसांचं कंत्राटी पथक उभं केलं होतं. त्या कार्यालयाचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण अजून आमच्या बैठका बाकी आहेत. अतिक्रमण हटवताना उभं राहायचं, बागांची, पाण्याच्या टाक्यांची राखण करायची, मोठ्या सणांना रांगा लावायच्या, असं ते काम. करार वर्षाचा. पहिला करार संपला तेव्हा "नवा होतोय, तोवर येत जा" असं तोंडी सांगितलं गेलं आणि हे सगळे येत गेले. साप्ताहिक सुट्टी पहिल्या करारातही नव्हती. नव्यात ती लिहून घ्यायची, असं देवरावने सगळ्यांच्या मनात भरवलं. आठवड्यातला एक दिवस, आणि वर्षातला एक दिवस ज्याचा त्याने निवडलेला. नोकरीत असताना पोलिसाला संघटना करता येत नाही. त्यामुळे म्हातारपणी संघटना काढायला मिळाली म्हणून ही मंडळी पोरांसारखी खूश होती. अध्यक्ष देवराव झाला. शिक्का बनवला, हार घातले, तर्री-पोहे खाल्ले आणि पाच जण त्या कार्यालयाच्या साहेबांना भेटायला गेले.

त्या पहिल्या बैठकीची गोष्ट त्याने माझ्या अडतीवर येऊन सांगितली तेव्हा माझे हमालसुद्धा पोती टाकून ऐकत उभे राहिले. साहेब आत आले. पाचही जण ताडकन उठले, टाचा जुळवल्या, "जय हिंद सर!" साहेबांनी विचारलं, काय काम? देवरावने मागणी सांगितली. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरं, ठीक आहे." झालं. पाचही जणांनी पुन्हा टाचा जुळवल्या, जागेवर वळले आणि एकामागे एक बाहेर आले. बाहेरच्या ओट्यावर आल्यावर एकाने विचारलं, "काय ठरलं बे?"

"काही नाई ठरलं."

"मंग बाहेर काहून आलो?"

"सायब ठीक आहे म्हनले ना."

देवराव हे सांगताना स्वतःच हसत होता. मी हसलो नाही. मला संताप आला. ज्या माणसांनी आयुष्यभर शहर सांभाळलं, ती एका 'ठीक आहे'वर खोलीबाहेर येतात? तो म्हणाला, "आमच्या हाडात बसलं हाये ते. तू ये ना गा. तुह्या हाडात काहीच नाई बसलं."

म्हणून मी त्या खोलीत गेलो. संघटनेचा सल्लागार, असं त्यांनी कागदावर लिहिलं. त्यांच्यातलेच काही जण पाठीमागे मला दलाल म्हणत. म्हणोत. दलाली माझा धंदाच आहे. मी पहिला हुकूम काढला की बैठकीला कुणी बूट घालून यायचं नाही. बुटाची टाच वाजली की यांच्यातला हवालदार जागा होतो. चपला घालून या. सगळे चपला घालून आले. साहेब दारात दिसले आणि त्या खोलीत पाच जोडी चपलांचा असा फटाका वाजला की शिपाई धावत आला. पुढच्या वेळी मी फक्त देवरावला घेऊन गेलो आणि टेबलाखाली त्याचा गुडघा दाबून धरला. साहेब आले. गुडघा माझ्या हातासकट वर उठला. "बस बे," मी दात खाऊन म्हणालो. "बसतो न गा, सायबाले तर बसू दे," तो उभ्याउभ्याच कुजबुजला.

पण साहेब हुशार होते, हे मी मान्य करतो. माझ्याशी बोलताना ते फाईल, वित्त विभाग, वरची मंजुरी असलं काय काय बोलत. मी एकेक मुद्दा धरून त्यांना कोपऱ्यात नेलं की ते माझ्याकडे बघणं सोडून देवरावकडे वळत आणि मऊ आवाजात म्हणत, "मेश्राम, तुम्ही तर डिपार्टमेंटचे माणूस. तुम्हाला समजतं. ठीक आहे?" आणि देवराव उठायचा. माझं वाक्य अर्धं तोंडात, आणि आमची बाजू उठून उभी! असं होत होत तो हिवाळा गेला, उन्हाळा गेला. नवा करार होतोय, हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं की शीलावहिनी घरी कुकरची शिट्टी व्हायला उशीर झाला तरी म्हणायच्या, "होतोय, होतोय, तोवर येत जा."

मी धंद्यात एक गोष्ट शिकलो आहे. घेणाऱ्याला माल हवा असतो त्याच दिवशी भाव मिळतो. दुसऱ्या दिवशी तोच माल तो पायाने सारतो. त्या कार्यालयाला या माणसांची खरी गरज एका दिवशी असते, अशोक विजयादशमीला. मी सगळ्यांना बसवून सांगितलं की त्या दिवशी कुणी कामावर जायचं नाही. करार नाही, म्हणजे बंधनही नाही. घरी बसा, नाहीतर पांढरे कपडे घालून दर्शनाला जा. सगळ्यांनी माना हलवल्या. देवरावने सर्वांत जास्त हलवली. वहिनींनी त्याचा सदरा इस्त्री करून ठेवला. आदल्या दिवशी मी साहेबांना तसं कळवलं आणि त्या सकाळी त्यांच्यासमोर जाऊन बसलो.

त्या दिवशी साहेबांचा आवाज पहिल्यांदा बदललेला ऐकला. चहा आला, बिस्किटं आली. "सुट्टीचं कलम मी घालून देतो," ते म्हणाले, "मसुदा तयार होतोय, चार वाजता या, सही करून घ्या." मी त्यांच्याकडून ते दोनदा वदवून घेतलं. खाली उतरताना माझे पाय जमिनीला लागत नव्हते. इतकी वर्षं मिरचीचे भाव केले, पण असा सौदा कधी केला नव्हता.

चार वाजता गेलो. साहेब फोनवर होते. मला बघून म्हणाले, "अरे, आता काय घाई आहे? सगळे आलेत कामावर. दिवाळीनंतर सविस्तर बसू."

सगळे आलेत... मी तिथून थेट दीक्षाभूमीकडे निघालो. गर्दीत वाट काढत पाण्याच्या टँकरपाशी पोचलो. ऑक्टोबरचं ऊन डोक्यात बसत होतं. देवराव पथकाचा खाकी शर्ट घालून, दोरी धरून रांग लावत होता. गर्दीकडे तोंड, स्तूपाकडे पाठ. अध्यक्ष आला म्हटल्यावर बाकीचेही मागोमाग आले होते. मी त्याचा दंड धरला.

"तू इथं काय करून राहिला बे?"

"सायबाचा फोन आला. म्हनले, पाण्याजवळ चेंगराचेंगरी होते का काय असं वाटते, या."

"अन् तू आला?"

"एक बाई पडली गुलाब. लहान लेकरू होतं तिच्या कडेवर. कोनी रांग लावाले नव्हतं."

"त्यानं चार वाजता सही द्याले बोलावलं होतं मले! तुले अर्धा दिवस घरी बसता नाई आलं?"

"आपलीच लोकं हायेत गा. त्याईले तहान लागली त मी करारनामा दाखवू का?"

"आज ते पडले, उद्या तू पडशील उन्हात. तवा पाह्य कोन येते रांग लावाले."

त्याने दोरी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली आणि मागच्या म्हाताऱ्याला म्हणाला, "बाबाजी, पुढं व्हा, पुढं व्हा." वहिनी आणि नात घरी वाट बघून शेवटी दोघीच आल्या होत्या, हे मला नंतर कळलं. त्या त्याच्याच रांगेत पाणी पिऊन गेल्या. नातीने त्याला हाक मारली, त्याने हाताने "चल, पुढे चल" अशी खूण केली म्हणे.

त्या दिवशी मी जे बोललो त्यातला एकही शब्द मी परत घेत नाही. तो मेला म्हणून माझा हिशेब बदलत नाही. त्याने साहेबांच्या हातात आमचा सौदा परत दिला, तोही फुकट. माणसं तहानेली होती हे खरं. पण त्यांना पाणी द्यायची जबाबदारी शहराची होती, आणि शहराकडे तेव्हाही दुसरी माणसं होती. साहेबांनी इतर कुणालाही फोन केला असता. देवरावलाच केला, कारण तो येणार हे त्यांना ठाऊक होतं. मला राग आहे तो या ठाऊक असण्याचा. लोक मला म्हणतात, गुलाबराव, जाऊ द्या आता. मी जाऊ देत नाही.

त्यानंतर आमचं बोलणं तुटलं नाही, पण सुकलं. तो कळमन्यात येत राहिला. एप्रिलच्या शेवटी आला ती आमची शेवटची भेट. माठातलं पाणी उभ्यानेच प्यायला आणि विचारलं, "बैठक कधी हाये?"

"मले काय विचारतो? तुह्या सायबाले विचार."

"सायब बदलला. नवा आला. तो म्हनते, सुरुवातीपासून सांगा."

मी हसलो, पण ते हसू चांगलं नव्हतं. तो पोत्यावर बसला. तळव्यावर थोडी मिरची घेऊन उगाच चिमटीने बिया काढत राहिला. मग म्हणाला, "गुलाब, यंदा दसऱ्याले मी कामावर जात नाई. लेखी भेटो का न भेटो. तुले सांगून ठेवतो."

"अन् फोन आला तर?"

"बंद ठेवीन."

"कधी ठेवला होता जिंदगीत?"

त्याने हातातली मिरची पोत्यावर टाकली. "नाई," असं म्हणाला आणि डोळ्यांना हात लावणार तेवढ्यात मी ओरडलो, "मिरचीचा हात हाये बे!" मग दोघंही हसलो. दसऱ्यानंतर पहिल्यांदाच. तो हात धुवून गेला. मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेलो नाही, गिऱ्हाईक आलं होतं...

मेमध्ये पथक आमच्या सक्करदऱ्याच्या तलावाकडे होतं. हातगाड्या हटवायचं काम. तो दुपारी घरी आला, पंख्याखाली बसला, वहिनींकडे पाणी मागितलं. त्या पाणी घेऊन आल्या तेव्हा तो भिंतीला टेकला होता आणि त्यांना वाटलं झोप लागली. डॉक्टरांनी हृदय असं सांगितलं. मी डॉक्टर नाही. पण त्या दिवशी सक्करदऱ्यात कुत्रंसुद्धा सावली सोडत नव्हतं, आणि हा माणूस डांबरावर उभा होता. अंत्ययात्रेला जुने पोलीस खूप आले. कार्यालयातून कुणी आलं नाही. पुण्यानुमोदनाच्या, श्रद्धांजलीच्या कार्यक्रमालाही नाही.

मी नव्या साहेबांकडे गेलो. तरुण आहेत, बोलायला चांगले आहेत. म्हणाले, "मेश्रामांबद्दल वाईट वाटलं. पण करार संपल्यानंतर ते तांत्रिकदृष्ट्या आमच्याकडे कामाला नव्हते. स्वेच्छेने येत होते असंच म्हणावं लागेल." मी टेबलावर एवढ्या जोराने हात मारला की त्यांचा चष्मा घसरला. स्वेच्छेने? ज्याची एक दिवसाची इच्छा तुम्ही पुरी केली नाही, तो स्वेच्छेने येत होता? ते म्हणाले, "गुलाबराव, आपण शांतपणे बोलू." मी म्हणालो, शांतपणे बोलणारा गेला. आता माझ्याशीच बोलावं लागेल.

देवरावच्या घरी जाऊन वहिनींना हे सांगितलं. वाटलं होतं त्या रडतील, किंवा आता पुरे म्हणतील. त्या तांदूळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "ते सोडून देत होते, भाऊजी. तुमी नका सोडू. त्याईच्यासाठी नाई, बाकीचे हायेत ना अजून उन्हात." मी सोडलेलं नाही. बैठक लागते, पुढे जाते, पुन्हा लागते. मला खोकला होईपर्यंत बोलतो. कलम अजून लिहिलेलं नाही.

मधे पथकातल्या एकाने मला सांगितलं, "एकदा सकाळी हजेरीले येऊन पाहा." गेल्या आठवड्यात गेलो. कार्यालयामागच्या आवारात पथक रांगेत उभं राहतं, कारकून नावं पुकारतो आणि कामाच्या जागा वाटतो. मी भिंतीच्या कडेला थांबलो. एकेक नाव, एकेक "हजर". आणि मग, नेहमीच्या आवाजात, "मेश्राम देवराव!"

 नंतर मी आतल्या जुन्या कारकुनाला विचारलं तेव्हा त्याने साधेपणाने सांगितलं की नाव काढायचं तर करार संपवल्याचा आदेश लागतो, आणि करारच नाही तर आदेश कशाचा काढणार? साहेबांच्या खोलीत तो कामावर नव्हता. आवारात तो अजून कामावर आहे.

नाव पुकारलं गेलं आणि अख्खी रांग एका आवाजात ओरडली, "साप्ताहिक सुट्टी!"

नावं पुकारणारा कारकून नवीन होता, मेश्राम कोण हे त्याला माहीत नव्हतं. त्याने वैतागून मान वर केली. "काल सुट्टी, परवा सुट्टी, आज पण सुट्टी? या माणसाला रोजच सुट्टी असते का?"

रांगेतून एक म्हातारा आवाज आला. "मागच्या लय बाकी हायेत सायब. त्याच घेऊन राहिला."